सहावी बाटली आणि माझं नाक

तेल पारखावं तर मीच! हे मी स्वतःच्या तोंडानं सांगते आहे, कारण दुसरं कुणीतरी सांगेल याची वाट बघत बसायचं माझं वय राहिलेलं नाही.

माझ्या वडिलांचा लाकडी घाणा होता. इतर मुली बाहुल्या खेळायच्या, त्या वयात मी घाण्याच्या कट्ट्यावर बसलेली असायचे. वडील माझ्या तळहातावर तेलाचा थेंब सोडायचे आणि म्हणायचे, "मीट डोळे. चोळ. आता सांग." आणि मी सांगायचे! शेंगदाणा की तीळ एवढंच नाही हो. दाणा नवा की जुना, घाणा सावकाश फिरला की घाईघाईनं फिरवून पेंड तापवली, सगळं. गिऱ्हाईक दारात आलं की वडिलांकडे न बघता माझ्या नाकाकडे बघायचं. मी नाक मुरडलं की डबा तसाच रिकामा परत! माझं लग्न ठरलं तेव्हा वडील ढसाढसा रडले. मुलगी चालली म्हणून रडले की नाक चाललं म्हणून, हे मला आजतागायत कळलेलं नाही.

मग मध्ये बरीच वर्षं वाईट गेली. म्हणजे संसार चांगला झाला, तेल वाईट झालं. पिशवीतलं रिफाइंड आलं. ना वास, ना चव, ना तळाला गाळ. तापवून, धुऊन, त्याचा सगळा स्वभाव काढून टाकलेला. एखाद्या माणसाला मार देऊन देऊन गप्प बसवावं आणि मग म्हणावं, बघा किती सभ्य आहे! लोक त्याला शुद्ध म्हणू लागले. मी आमच्या घरात ते येऊ दिलं नाही. भांडले, पण येऊ दिलं नाही.

आणि मग माझ्या सुनेनं नोकरी सोडली आणि मागच्या गॅरेजमध्ये मोटरवर चालणारा लाकडी घाणा बसवला. पहिली घाणी निघाली तेव्हा पेंडीचा तो कोमट, ओलसर वास थेट माझ्या खोलीत आला. मी अनवाणीच धावले. सुनेनं माझा हात धरून मला घाण्याशेजारच्या वेताच्या खुर्चीत बसवलं आणि म्हणाली, "आई, ही खुर्ची तुमची. तुम्ही हो म्हटल्याशिवाय एक थेंब बाहेर जाणार नाही."

त्या खुर्चीसाठीच हे सगळं रामायण घडलं.

झालं असं, की त्या आठवड्यात मला सर्दी झाली होती. सर्दी म्हणजे तशी सर्दी नव्हे. हवा जरा बदलली होती. पण आमचे हे! आयुष्यभर विजेचे मीटर तपासत फिरले, आता निवृत्त झाल्यावर तपासायला मीच उरले. घरभर जाहीर करून टाकलं, "हिचं नाक गेलं. काल माझ्या पायांचं मलम बाहेर उघडं पडलं होतं, तरी ही शेजारी बसून शांतपणे चहा पीत होती."

"शांतपणे पीत होते कारण मी सोशिक आहे!" मी म्हटलं.

पण सुनेच्या कपाळावर आठी पडलीच. त्या संध्याकाळी ती हळूच म्हणाली, "आई, यापुढे नमुने प्रयोगशाळेत पाठवू या का? तुम्हाला रोजचा त्रास नको."

"मला कसला त्रास? खुर्चीत बसायचा?"

"तसं नाही हो. उद्या त्या मोठ्या हॉटेलचे शेफ येणार आहेत चव बघायला. त्यांच्या स्वयंपाकघरात आपलं तेल लागलं तर घाणा रोज चालेल. उद्याचं नीट पार पडू दे, मग बघू."

मग बघू! या दोन शब्दांत माझी खुर्ची अडकली होती. मी ठरवलं, उद्या असं नाक दाखवायचं की प्रयोगशाळेनंच माझ्याकडे नमुने पाठवावेत.

दुसऱ्या दिवशी सकाळी सून शेफसाठी चाखायच्या वाट्या आणायला बाजारात गेली. जाताना नेहमीप्रमाणे गॅरेजला कुलूप लावून किल्ली पर्समध्ये टाकून गेली. शेफसाठी काढलेल्या पाच बाटल्या तेवढ्या स्वयंपाकघरात होत्या. शेंगदाणा, तीळ, सूर्यफूल, मोहरी आणि जवस. तेलाला उजेड सोसत नाही म्हणून सगळ्या गडद तपकिरी काचेच्या, एकसारख्या. वर सुनेनं हातानं लिहिलेली, पिठाच्या खळीनं चिकटवलेली लेबलं. सगळं नैसर्गिक हवं ना! डिंकसुद्धा चालत नाही तिला.

मी स्वयंपाकघरात गेले तर ओट्यावर बाटल्या नव्हत्या. हे फ्रिजसमोर खुर्ची टाकून बसले होते, हातात घड्याळ.

"अहो, बाटल्या कुठायत?"

"फ्रिजमध्ये. रात्रभर ठेवल्यात. खरं तेल गारठ्यात गोठतं, खोटं पातळच राहतं. माझ्या मित्रानं सांगितलं."

"तुमचा मित्र मीटरवालाच ना?"

"म्हणून काय झालं? परीक्षा ती परीक्षा!" असं म्हणून त्यांनी फ्रिज उघडला आणि बाटल्या ओट्यावर मांडल्या. एकेक तिरकी करून बघितली आणि चेहरा असा केला की जणू घरात चोर सापडला. "अगं, यातली एकच घट्ट झालीये! बाकी सगळ्यांत भेसळ! आपल्या सुनेनं..."

"खबरदार!" मी ओरडले. "तीळ, मोहरी, जवस कधी गोठतात का फ्रिजमध्ये? ज्याचा त्याचा स्वभाव असतो. शेंगदाण्याचं घट्ट होतं, जवसाचं पातळच राहतं. त्यावरून शुद्ध-अशुद्ध ठरत नाही! उद्या तुम्ही मला फ्रिजमध्ये ठेवाल आणि गोठले नाही म्हणून खोटी ठरवाल!"

आमचं हे चाललेलं असताना तिकडे बाटल्यांना घाम फुटला होता. गार काच, बाहेर उकाडा. धारा लागल्या होत्या. आणि ह्यांना ओलं काही दिसलं की पुसायची सवय! फडकं घेतलं आणि मी थांबा म्हणेपर्यंत सगळ्या बाटल्या खसाखसा पुसून चकचकीत केल्या. खळ काय टिकणार? लेबलं सुरकुतून फडक्यात गोळा झाली. शाई सगळीकडे. बाटल्या अशा उभ्या, जणू एकाच आईची जुळी लेकरं.

ह्यांनी फडकं पाठीमागे लपवलं. मग म्हणाले, "मी डिंक घेऊन येतो."

"डिंक काय करायचाय? कुठलं कुठे लावणार?"

"आधी डिंक तर आणू दे!" आणि पायात चपला सरकवून निघालेसुद्धा. संकट आलं की दुकानात जायचं, ही ह्यांची जुनी रीत. दारातून वळून म्हणाले, "ती घट्ट झालेली शेंगदाण्याची, तेवढी खूण करून ठेव!"

"तुमच्या फ्रिजची मदत मला नकोय!" मी ठणकावलं. "मी कोण आहे विसरलात का?"

सुनेला फोन करता आला असता. ती आली असती, गॅरेज उघडलं असतं, डब्यांतून नवीन बाटल्या भरल्या असत्या. आणि म्हणाली असती, "आई, राहू द्या तुम्ही." ते ‘राहू द्या’ मला ऐकायचं नव्हतं. शिवाय माझ्यासारखी बाई घरात असताना लेबलं हवीत कशाला?

मी कागद कापले, पेन घेतलं, तोवर घट्ट झालेलं तेलही उकाड्यानं पातळ झालं होतं, आणि पहिली बाटली उघडली. नाकाशी नेली. जोरात श्वास घेतला.

काहीच नाही.

म्हणजे हवा गेली. शिट्टीही वाजली. पण वास म्हणून काही आत आला नाही. दुसरी उघडली, तेच. थेंब तळहातावर चोळला, जसा लहानपणी चोळायचे. तळहात गुळगुळीत झाला. बाकी सगळं शांत!

ठीक आहे, म्हटलं. जीभ आहे ना! चाखायला लागले. एकानं जिभेला असा चटका दिला की डोळ्यांत पाणी आलं. मोहरी! लिहिलं लेबल. बघा, म्हटलं, कोण म्हणतं नाक गेलं? ते नाकाचं काम नव्हतं, पण त्या क्षणी एवढी फोड करत कोण बसतंय! बाकीच्या बाटल्यांतलं तेल मात्र सगळं सारखंच लागायला लागलं. गुळगुळीत. मग मी अनुभवाचा आधार घेतला. अनुभव म्हणजे अंदाजच, फक्त वय झालेला. ही जरा जड वाटते, शेंगदाणा. ही गरीब वाटते, सूर्यफूल. ही माझ्याकडे बघून हसल्यासारखी वाटते, तीळ. ही उरली, जवस.

आणि बघते तर आणखी एक बाटली शिल्लक!

परत मोजल्या. सहा. पण तेलं तर पाच! क्षणभर गोंधळले, मग वाटलं, सुनेनं शेफसाठी काही नवीन काढलं असेल, मला अचानक सुखद धक्का द्यायचा असेल. आता नाव काय लिहायचं? मी थोडा विचार केला आणि सुबक अक्षरात लिहिलं, ‘खास’.

शेफसाहेब दुपारी आले. उंच, पांढरा कोट, आणि तोंडावर असा भाव की जणू आमच्या घरातली हवाही त्यांनी आधी चाखून नापास केली आहे. सुनेनं त्यांना बसवलं, वाट्या मांडल्या. लेबलं बदललेली तिला दिसली. तिनं माझ्याकडे भुवया उंचावून बघितलं.

"अक्षर नीट काढलं जरा," मी हळूच म्हटलं. "पाहुणे आहेत."

शेफनी ‘तीळ’ची बाटली उचलली, वाटीत थोडं ओतलं, वाटी तळहातानं झाकून ऊब दिली, नाकाशी नेली, मग एवढ्या जोरात सुर्र केलं की शेजारचं मांजर खिडकीतून पळालं.

"वा! तिळाचा खमंगपणा! अगदी तीळच!"

माझा ऊर भरून आला. लेबल बरोबर लागलं होतं तर! सुनेनं त्याच वाटीतलं बोटानं चाखलं आणि तिचा चेहरा कडू झाला. टेबलाखाली तिनं माझ्या पायाला पाय लावला.

"काय गं?" मी कुजबुजले.

"आई, हे जवस आहे."

"शेफ तीळ म्हणतायत. त्यांना जास्त कळतं की तुला?"

शेफ पुढे गेले. ‘शेंगदाणा’ वाचून म्हणाले, "दाण्याची गोडी आहे." सुनेनं चाखलं आणि डोळे मिटले. ‘जवस’ वाचून म्हणाले, "जरा कडवट, जवस असतंच तसं." सुनेनं चाखलं आणि पदर तोंडाला लावला. मोहरीनं मात्र त्यांना खोकला आणला आणि मी मान डोलावली. ते एक माझं नक्की होतं!

मग त्यांनी ‘खास’ उचलली.

सुनेचा चेहरा कोरा पडला. "खास? आई, हे खास कुठलं?"

"मला काय विचारतेस? तूच काढलंस ना?"

शेफनी वाटी नाकाशी नेली. चाखलं. डोळे मिटले. बराच वेळ उघडले नाहीत. मग वाटी हळुवार खाली ठेवून म्हणाले, "हे! याला म्हणतात लाकडी घाण्याचं तेल! किती स्वच्छ! बाकीच्यांना वास आहे, उग्रपणा आहे. याला कसलाही वास नाही. शुद्धता, शुद्धता म्हणतात ती ही! बाई, माझ्या स्वयंपाकघराला वर्षभर हेच तेल हवं. बोला, देता?"

आणि तेवढ्यात सकाळपासून डिंक शोधत फिरलेले हे, डिंकाची बाटली हातात घेऊन दारात उभे! शेफच्या हातातली ‘खास’ लिहिलेली बाटली आणि टेबलावरच्या बाकी पाच बघून ह्यांचे डोळे बटाट्याएवढे झाले. आधी डोक्याला हात लावला. मग माझ्याकडे बघून दोन्ही हातांनी पिशवी फाडल्याची खूण केली. मग काहीतरी ओतल्याची. मग जीभ चावली.

"हे काय करतायत?" शेफनी विचारलं.

"व्यायाम," मी म्हटलं. पण चाळीस-पन्नास वर्षं ह्यांच्यासोबत काढली आहेत. जीभ कधी चावतात, मला माहीत आहे.

मी शेफच्या हातून बाटली घेतली. नाकाशी नेली नाही, त्याचा उपयोग नव्हता. खिडकीपाशी गेले आणि उजेडात धरून तळ बघितला. वडील थेंब हातावर सोडायच्या आधी हेच करायचे. म्हणायचे, "आधी तळ बघ. घाण्याचं तेल कितीही निवळू दे, तळाला बारीकसा गाळ सोडतंच. ते कुठून आलंय त्याची खूण असते ती." टेबलावरच्या बाकी बाटल्याही एकेक उजेडात धरल्या. प्रत्येकीच्या तळाशी पिठासारखा थर होता. आणि या ‘खास’चा तळ? आरशासारखा! तोंड बघून घ्यावं!

रिफाइंड. पिशवीतलं. माझ्या घरात!

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे दारातूनच पुटपुटले, "तुलनेला एक खोटं नको का? आपल्याच बाटलीत भरलं, म्हणजे परीक्षा निःपक्षपाती..."

"आई," सून हलक्या आवाजात म्हणाली. शेफनी हात पुढे केलेला होता, तिचा हात अर्ध्यावर थांबला होता. "हे आपलंच आहे ना?"

आता बघा! हो म्हटलं असतं तर शेफ खूश, घाणा रोज चालू, माझी खुर्ची पक्की. कुणाला कळलं असतं? शेफला? ते तर पिशवीच्या तेलाला वर्षानुवर्षं शुद्ध म्हणत मोठे झालेले. फक्त आमच्या घाण्यातून कधी न निघालेलं तेल आमच्या नावानं त्यांच्या कढईत गेलं असतं. आणि वडील वरून माझ्या नाकाकडे बघत बसले असते.

"नाही!" मी म्हटलं. "हे तेल आमचं नाही. आमच्या घाण्यातून असलं तेल निघालं तर मी घाणा फोडून चुलीत घालेन!"

शेफचा हात तसाच हवेत. "पण... इतकं शुद्ध..."

"शुद्ध नाही हो, मुकं! तिळाचं तेल तिळासारखं बोलायला नको? मोहरीनं खोकला काढायला नको? तुम्ही ज्याला उग्र म्हणालात ती त्याची वाचा आहे!"

"तुम्ही माझी परीक्षा घेतलीत?" शेफ लाल झाले.

आता खरं म्हणजे मी कुणाचीच परीक्षा घेतली नव्हती. पण एवढी चांगली संधी कोण सोडतं?

"घेतली!" मी म्हटलं. "आणि तुम्ही नापास झालात!"

सुनेनं कपाळाला हात लावला. हे डिंकाची बाटली छातीशी धरून कोपऱ्यात सरकले.

"तुम्हाला कसं कळलं हे आमचं नाही?" शेफनी दात आवळून विचारलं.

"कसं म्हणजे? मला या तेलाचा तसूभरही वास आला नाही!"

"पण तुला तर कशाचाच..." हे कोपऱ्यातून म्हणाले.

"तुम्ही डिंक लावा!"

शेफ बाकीच्या बाटल्यांकडे संशयानं बघत म्हणाले, "मग ही लेबलं तरी खरी आहेत ना?"

मी खिडकीबाहेर बघायला लागले.

सून उठली.  एकेका बाटलीतला थेंब तळहातावर घेतला, डोळे मिटले, चोळला, नाकाशी नेला. आणि माझी लेबलं काढून एकेक जागच्या जागी ठेवत गेली. हे तीळ. हे सूर्यफूल. हे जवस. हे शेंगदाणा. मोहरी मात्र होती तिथेच राहिली, हे मी इथे नमूद करते. कुठंही अडखळली नाही. डोळे मिटून उभी होती तशी ती कुणासारखी दिसत होती, हे मी सांगणार नाही. पण मला घाण्याचा कट्टा आठवला.

"हे कुठे शिकलात?" शेफनी विचारलं. आवाज खाली आला होता.

"यांच्याकडे," सून म्हणाली. माझ्याकडे बघितलं नाही. रागावलेलीच होती.

शेफनी तळहात पुढे केला. "मलाही द्या. लेबल दाखवू नका." बराच वेळ चोळलं, बराच वेळ हुंगलं. शेवटी तिळाच्या थेंबाशी थांबले, तो जिभेलाही लावला. "हे तीळ! आणि हेच मघाशी शेंगदाणा म्हणून चाखलं मी," ते कसंनुसं हसले. "नाव न वाचता चाखलं तर वेगळंच लागतंय."

वर्षभराचं काही ठरलं नाही. पण तिळाच्या तेलाचा एक डबा घेऊन गेले, आणि पुढच्या आठवड्यात आणखी मागवला. जाताना मला नमस्कार केला. ह्यांना केला नाही.

ते गेल्यावर सून मला म्हणाली, "आई, तुम्ही मला फोन का नाही केलात?"

"तू ‘राहू द्या’ म्हणाली असतीस."

ती मग हसायला लागली, एवढी की खाली बसली. "खास! आई, खास काय लिहिलंत हो!" हसून झाल्यावर म्हणाली, "खुर्ची तुमचीच. पण अट आहे. गॅरेजमध्ये यायच्या आधी रोज सकाळी बाबा तुमची परीक्षा घेणार. तीन झाकलेल्या वाट्या. ओळखलं तरच नाकाचं काम. नाहीतर त्या दिवशी नुसते बाटल्यांचे तळ बघायचे."

"घ्या परीक्षा!" मी म्हटलं. "मी भिते की काय?"

तेव्हापासून रोज सकाळी हे रुमालानं माझे डोळे बांधतात आणि एक वाटी नाकाखाली धरतात. म्हणे एकीत कॉफी, एकीत दालचिनी, एकीत लवंग. कुठली पुढे करतील त्याचा नेम नाही. मी जोरात श्वास घेते, थोडा विचार करते आणि ठामपणे सांगते, "लवंग!" आणि रोज बरोबर येतं! हे टाळ्या वाजवतात, सुनेला ओरडून सांगतात, "पास!" आणि मी ताठ मानेनं माझ्या खुर्चीत जाऊन बसते. सर्दी कधी नव्हतीच, हे आता सगळ्यांना पटलं आहे.

आज सकाळी ह्यांना फोन आला म्हणून वाट्या मीच विसळायला घेतल्या. आता तळ बघायची सवयच लागली आहे ना. बघितला. तिन्ही वाट्यांच्या तळाला लवंगाच होत्या.

मी वाट्या स्वच्छ धुतल्या, पालथ्या घातल्या आणि काही बोलले नाही. बोलायचं काय त्यात? वास मला आधीच आला होता.